मिनिटभरात तीन शब्द

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

चि. सबिना,

तुला, दिलदारला आणि तुझ्या नववीच्या वर्गाला आशीर्वाद.

आज क्रम उलटा होतो आहे. एकोणीस वर्षे तू शब्द विचारतेस आणि मी उत्तर लिहितो. गगनबावड्याच्या शाळेत तू नवी शिक्षिका होतीस आणि तिथे मोबाईलला टॉवर नव्हता, म्हणून हा पत्रांचा रिवाज सुरू झाला. टॉवर आला, तुझी बदली जयसिंगपूरला झाली, तरी रिवाज राहिला. आज मात्र तू न विचारलेला शब्द पाठवतो आहे: ‘डिक्लाइन’. नववीच्या मुलांना तो आज ना उद्या भेटेलच.

प्रथम मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘क्लिनारे’ म्हणजे टेकणे, झुकणे. ‘दे’ हा उपसर्ग ‘खाली’ किंवा ‘दूर’ असे सुचवतो. दोन्ही मिळून ‘खाली झुकणे’. आपण दिवस कलला म्हणतो, तेच चित्र. परंतु ‘कलणे’ आणि ‘क्लिनारे’ कानाला सारखे वाटतात म्हणून त्यांचे नाते जोडू नकोस. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पुरावा आहे तो अधिक सुंदर गोष्टीचा. ज्या प्राचीन धातूपासून हा लॅटिन शब्द आला, त्याच धातूपासून संस्कृतातला ‘श्रि’ आला, आणि ‘श्रि’पासून आपला ‘आश्रय’. म्हणजे कलणे आणि कोणाचा तरी आधार घेऊन टेकणे ही मुळात एकाच घरातली भावंडे. मुलांना हे जरूर सांग. फळ्यावर दोन फांद्या काढून दाखव.

आता वापर. किंमत, जन्मदर, उत्पन्न, प्रकृती, साम्राज्य या सर्वांना हा शब्द चालतो. निमंत्रण नम्रपणे नाकारतानाही तो येतो. तो स्वतंत्र धडा आहे. जवळच्या शब्दांपासून तो असा वेगळा काढ. ‘डिक्रीज’ म्हणजे केवळ आकडा कमी होणे. ‘डिटेरिओरेट’ म्हणजे दर्जा बिघडणे. ‘वेन’ हा चंद्राच्या कला घटण्याचा शब्द. त्यात पुन्हा भरण्याची आशा असते. ‘कोलॅप्स’ एका क्षणात होतो. ‘डिक्लाइन’ला मात्र उतार लागतो, लांब आणि सलग. आणखी एक अट, जी कोशात सहसा लिहिलेली नसते: आधीची उंची ठाऊक असल्याखेरीज हा शब्द वापरता येत नाही. ज्याची काल नोंदच नाही, त्याच्याविषयी आज ‘डिक्लाइन’ म्हणणे म्हणजे एका बिंदूवरून रेघ काढणे.

एवढे पुरे. तुमच्या काकूंचा गुडघा बरा आहे.

तुझा,
कृष्णात चौगुले


जयसिंगपूर
१९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

आदाब आणि नमस्कार, दोन्ही स्वीकारा.

‘आश्रय’ फळ्यावर काढला. दोन फांद्या काढल्या आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे इंग्रजी आपली पावणीच की!” तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. दिलदार दुकानातून घरी आल्यावर त्यांनाही ऐकवलं. ते म्हणाले, “तुझ्या सरांना कोण एवढं सांगायला सांगतंय, न्हाय का? पण सांगत्यात झकास.”

सर, एक राहिलं. तुमचा नियम तुम्हीच मोडलात. गगनबावड्याहून मी पहिल्यांदा नुसता शब्द पाठवला होता, तेव्हा तुम्ही पत्र परत केलं होतं. वर लाल शाईनं लिहिलं होतं: ‘शब्द एकटा पाठवू नये. तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, अशी तीन वाक्यं पाठवावीत.’ ते परत आलेलं पत्र पावसानं भिजलं होतं, पण लाल शाई पुसली नव्हती. त्यानंतर आजवर मी एकदाही चुकले नाही.

तुम्हाला हा शब्द कुठं भेटला? तुमची तीन वाक्यं कुठं आहेत?

तुमची विद्यार्थिनी,
सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ जानेवारी २०२५

चि. सबिना,

तुझा आक्षेप बिनतोड आहे. वाक्य एका कागदावर होते. तो कागद सध्या हाताशी नाही.

दुसरी गोष्ट कळवायची आहे. रविवारचा इंग्रजीचा वर्ग मी या महिन्याअखेर बंद करतो आहे. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, आणि शिकवण्यात चूक झाली तर नुकसान त्यांचे होईल. राजवर्धनचा आग्रह आहे की आम्ही दोघांनी एप्रिलपासून पुण्यात त्याच्याकडे राहावे. मुलगा काळजीने म्हणतो आहे. त्याला नाही म्हणण्यासारखे कारण माझ्याजवळ उरलेले नाही. इथले घर तूर्त कुलूप लावून ठेवू.

यापुढे शब्दांच्या बाबतीत माझ्यावर विसंबू नकोस. चांगला कोश जवळ ठेव आणि दोन कोश ताडून पाहा.

तुझा,
कृ. चौगुले


जयसिंगपूर
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

हे पत्र वाचून रागावलात तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

तुमचं पत्र एवढं लहान आलं की मला तीन आठवडे चैन पडली नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काकूंनी उचलला आणि “झोपलेत” म्हणून ठेवला. तुम्ही दुपारी झोपत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून काल, रविवारी, न कळवता एसटीनं आले. तुम्ही फिरायला गेला होता. परत येईपर्यंत मी थांबले नाही, त्याबद्दल माफ करा. तुमच्यासमोर हे बोलायचं धाडस मला झालं नसतं, लिहिताना होतं.

काकू दारातच म्हणाल्या, “ये गं बाई. आता तूच इचार. घरात माणूस हाय का न्हाय कळंना झालंय.” मग बसून सगळं सांगितलं. आमच्याकडच्या लग्नात तुम्ही माझ्या भाच्याला, सोहेलला, त्याच्या भावाच्या नावानं, तोहिद म्हणून हाक मारलीत. दोनदा दूध उतू गेलं. राजवर्धनदादांनी हट्ट धरला, म्हणून डिसेंबरात तुम्ही स्मरणशक्तीची तपासणी करून घेतलीत. आणि अहवाल आल्यापासून घरात बोलणं सोडलंत. काकू म्हणाल्या, “सत्तेचाळीस वरसं मी ह्येंच्या बोलण्याला कावली हुती. भाजीत मिरी घातली तरी मिरीचा इतिहास सांगायचे. आता ‘व्हय’ आणि ‘न्हाय’, बास. चुकीचं बोलीन म्हून भ्यालेत.” आणि डोळ्याला पदर लावला.

अहवाल काकूंनी कपाटातून काढून माझ्या हातात दिला. तुमची परवानगी नव्हती, दोष माझा. पण आता तुमच्याच नियमानं तीन वाक्यं लिहिते. मूळ इंग्रजी, मराठी माझं आहे.

‘एका मिनिटात ‘पी’ने सुरू होणारे केवळ तीन शब्द सांगितले. शब्दप्रवाहात ठळक डिक्लाइन. तारीख, वार, ठिकाण अचूक; थोड्या वेळानंतर पाचपैकी चार शब्द आठवले.’

सर, तुम्ही मधलं वाक्य वाचलंत आणि तिथेच थांबलात ना? नंतरचं वाक्य तुम्ही वाचलेलं दिसत नाही. पाचपैकी चार! मला बाजारात गेल्यावर पाचपैकी दोन वस्तू आठवतात.

आणि ‘डिक्लाइन’ कशावरून? तुमची ही पहिलीच तपासणी. आधीची उंची कुणी मोजली होती? एका बिंदूवरून रेघ काढू नये, हे तुम्ही मला जानेवारीत लिहिलंत. तेव्हा हा अहवाल तुमच्यासमोरच होता, हो ना? स्वतःला लागू करायचं तेवढं राहून गेलं.

पण मला खरं खटकलं ते पहिलं वाक्य. तीन शब्द? सबंध मिनिटात? मी काकूंना विचारलं, “आत सर गप्प बसले होते का?” काकू दाराबाहेर बाकावर होत्या. त्या म्हणाल्या, “गप कुठलं! आवाज येत हुता की बाहेरपतोर. शाळेत शिकवायचे तसा. काचेतनं हात हलताना बी दिसत हुतं.”

सर, ते तीन शब्द कोणते होते? आणि त्या मिनिटात तुम्ही नेमकं काय बोललात? सविस्तर लिहा. काहीही गाळू नका.

तुमची,
सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सबिना,

रागावलो नाही. दोन दिवस लाज वाटली, मग तुझे पत्र पुन्हा वाचले. नंतरचे वाक्य मी खरोखर वाचले नव्हते. चौतीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद अर्ध्यात मिटला.

तू सविस्तर विचारले आहेस, म्हणून क्रमाने लिहितो.

डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत होत्या. चाचणी त्यांच्या सहायक मुलीने घेतली. वय पंचवीसच्या आतबाहेर, बोलणे आदबीचे, हातात घड्याळ. मी इंग्रजीचा शिक्षक आहे हे कळल्यावर तिने चाचणी इंग्रजीत घेण्याचे ठरवले. ती म्हणाली, “आजोबा, ‘पी’ या अक्षराने सुरू होणारे जितके शब्द आठवतील तितके एका मिनिटात सांगा.”

मी म्हणालो, “पेन.” ती लिहू लागली. मला वाटले, हिला रोज हातात धरायच्या या वस्तूचे नाव कुठून आले ते ठाऊक नसावे. म्हणून सांगितले की लॅटिनमध्ये ‘पेना’ म्हणजे पीस. पूर्वी पक्ष्याच्या पिसाने लिहीत, त्यावरून पेन. ती “हो का?” म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. निदान मला ती दिसली.

त्यानंतर “पेन्सिल”. इथे एक इशारा देणे भाग होते, कारण ऐकणारा हमखास फसतो. पेन आणि पेन्सिल यांचा काही संबंध नाही. पेन्सिलचे मूळ ‘लहान कुंचला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दोन वस्तू एका कंपासपेटीत राहतात म्हणून त्या एका आईच्या होत नाहीत, असे मी तिला समजावले. ते तिला नीट कळले की नाही हेही विचारले.

तिसरा “पेपर”, मिरी या अर्थाचा. हा माझा आवडता. आपली संस्कृतातली पिप्पली व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकांकडे गेली, तिथून रोमला, तिथून इंग्लंडला. आणि वाटेत कुठेतरी लांब पिंपळीचे नाव गोल मिरीला चिकटले. मी रोमपर्यंत पोहोचलो असेन, तेवढ्यात ती म्हणाली, “वेळ संपली, आजोबा.”

एवढेच घडले. त्या मुलीची काही चूक नाही. तिने सूचना स्पष्ट दिली होती आणि मोजणीही बरोबर केली. शब्द तीनच झाले. अर्थ न सांगता शब्द पुढे ढकलणे मला त्या वेळी सुचलेच नाही. ते न सुचणे हेच आजाराचे लक्षण आहे काय, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मला खरे भय वेगळेच आहे. उद्या वर्गात उभे राहिल्यावर एखादा अर्थ चुकीचा सांगेन, समोरची मुले विश्वासाने तो लिहून घेतील, आणि मला कळणारही नाही. त्यापेक्षा वर्गाला कुलूप बरे.

तुझा,
कृष्णात चौगुले


जयसिंगपूर
२४ फेब्रुवारी २०२५

सर!

नमस्कार वगैरे शेवटी करते. पत्र वाचताना मी इतकी हसले की दिलदार धावत आतून आले. त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, “या माणसाला मिनिट कसलं पुरतंय? तास द्यायला पाहिजे हुता. निदान पिंपळी इंग्लंडला पोचली असती!” मग मी हसता हसता रडले. तुमच्या घरात डिसेंबरपासून शांतता आहे ती यापायी?

तुम्ही मुद्देसूद सांगणारे, म्हणून मुद्दा लिहिते. मिनिटभरात तुम्ही तीन शब्दांची मुळं, दोन भाषा, एक गैरसमज आणि एक व्यापारी मार्ग सांगितलात. मी प्रत्येक गोष्ट दोन कोशांत ताडून पाहिली, तुम्ही जानेवारीत बजावलं होतं तसं. एकही चूक नाही. तुम्हाला ज्या चुकीची भीती आहे, ती त्या मिनिटात कुठंच नव्हती. घड्याळ फक्त शब्द मोजत होतं.

मी डॉक्टर नाही. दूध का उतू गेलं, नावं का अदलाबदल झाली, हे त्यांनीच सांगावं. पण त्यांना हे तर कळलं पाहिजे की त्या मिनिटात खोलीत काय चाललं होतं. अहवालात ते नाही. तुमचं पत्र मी परत पाठवते आहे. ते बरोबर घ्या, काकूंना घ्या, आणि डॉक्टरबाईंना स्वतः भेटा. राजवर्धनदादांना मी कळवलेलं नाही. ते तुम्ही कळवा.

आणि चाचणी पुन्हा घेतली तर हात जोडून विनंती: नुसते शब्द सांगा. अर्थ मला लिहून पाठवा, मी सगळे वाचीन.

नमस्कार.
सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० मार्च २०२५

चि. सबिना,

तुला पत्र लिहायला बसलो की पहिले वाक्य मनात तयार असते. आज पाच वाक्ये एकदम पुढे आली आणि कोणते आधी घ्यावे ते ठरेना. तरी प्रयत्न करतो.

गुरुवारी आम्ही दोघे गेलो. डॉक्टरबाईंनी तुझ्याकडून परत आलेले माझे पत्र वाचायला घेतले. पहिले पान गंभीरपणे वाचले. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला, सहायक मुलीला आत बोलावले आणि विचारले, “हे असं झालं होतं?” ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, “हो मॅडम. मला मधे थांबवता आलं नाही. इतकं छान सांगत होते.” तुमच्या काकू लगेच म्हणाल्या, “तुझा काय दोष न्हाय बाई. सत्तेचाळीस वरसं मला जमलं न्हाय.”

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच कामाला लागल्या, हे मला आवडले. चाचणी या वेळी त्यांनी स्वतः घेतली. अक्षर ‘एस’. मी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. तिसराच शब्द ‘सॅलरी’ आला. त्यामागे मिठाची केवढी मोठी हकिगत आहे, तुला ठाऊक आहे. ती गिळताना मला जे कष्ट पडले ते कोणत्याही अहवालात मावणार नाहीत. मिनिटात सतरा शब्द झाले. मग मराठीतून ‘क’ दिला; तिथे बावीस. त्यानंतर चित्रे ओळखणे, कागदावर घड्याळ काढणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, सर्व पुन्हा घेतले. रक्ताची तपासणी डिसेंबरातच ठीक आली होती.

त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे देतो, वाढवत नाही. वयाच्या मानाने सर्व काही अपेक्षेप्रमाणे आहे. नावांची अदलाबदल आणि उतू जाणारे दूध यांची त्यांना आज काळजी वाटत नाही. परंतु एका वर्षाने पुन्हा यावे, म्हणजे तुलना करता येईल. अहवालातला तो शब्द त्यांनी एक रेघ मारून खोडला, शेजारी सही केली आणि खाली लिहिले: ‘ही पहिली नोंद मानावी.’ वर्ग बंद करण्याचे काही कारण आहे काय, असे मी स्पष्ट विचारले. त्या म्हणाल्या, “सर, शिकवणं थांबवलंत तर मला काळजी वाटेल.”

राजवर्धनला तिथूनच फोन लावला. सर्व सविस्तर सांगितले. तो म्हणाला, “आबा, मी एप्रिलची तिकिटं काढली होती. रद्द करतो.” आणि पुढे म्हणाला, “मला तरी कुठं पटत होतं!” मी त्याला म्हणालो की उन्हाळ्यात आम्ही येऊ, पंधरा दिवस, पाहुण्यांसारखे. तो बरे म्हणाला. त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता हे त्याला सांगायचे राहिले. आज त्यालाही स्वतंत्र पत्र लिहिले आहे.

काल रविवारी वर्ग भरला. निरोप उशिरा पोहोचला म्हणून नऊच मुले होती. मी त्यांना सांगितले की यापुढे माझ्या बोलण्यात शंका आली की हात वर करायचा आणि कोश उघडायचा. दीड तासात एकदा हात वर झाला. मीच बरोबर होतो, पण पुढच्या वेळी नसेन तर तेही चालेल, असे वाटले. वर्ग सुटल्यावर मी स्वयंपाकघरात तुमच्या काकूंना त्या शंकेची हकिगत सांगू लागलो. त्या भाकरी थापत होत्या. अर्धे ऐकून म्हणाल्या, “आता गप बसा की वाईच! भाकरी करपली.” आणि तोंड फिरवून हसू लागल्या.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी घरात कोणालाही सांगितली नाही. अहवाल आल्यापासून रोज पहाटे डोळे उघडताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मी एकोणीसशे एकोणनव्वदच्या दहावीची हजेरी मनात घोकत असे. एकावन्न नावे, क्रमवार. सर्व आठवली तरच उठायचे. एखादे अडले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सुमारे अडीच महिने माझा एकही दिवस या परीक्षेशिवाय उजाडला नाही.

आज सकाळी उठलो, दात घासले, चहा घेतला, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचले. चष्मा काढताना लक्षात आले की हजेरी घ्यायची विसरलो.

मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. विसरलो म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तुझा,
कृष्णात चौगुले